पाचगणीचा बकी, वेम्बलीचा फ्रेडी

पश्चिम रेल्वेने मीरा रोड आणि भाईंदर मागे टाकले की वसईची खाडी लागते. तिथून पुढे विरार, पालघर, डहाणू, उंबरगाव, संजाण, वापी आणि मग वलसाड. या मार्गावरच्या दोन गावांशी या प्रकरणाचा संबंध आहे. संजाणच्या किनाऱ्यावर पारशांचे पूर्वज इराणातून आश्रयाला आले, अशी त्यांची परंपरा सांगते. वलसाडला इंग्रज बुलसार म्हणत, आणि त्या गावावरून बुलसारा हे आडनाव पडले. या आडनावाचे एक कुटुंब विसाव्या शतकात समुद्र ओलांडून आफ्रिकेच्या किनाऱ्यालगतच्या झांझिबार बेटावर राहायला गेले. त्या घरचा मुलगा शिकायला महाराष्ट्रात आला, परत गेला, क्रांतीत घर सोडून लंडनला पोचला आणि तिथे हार्ड रॉकचा सर्वांत ओळखीचा आवाज झाला. जगाला तो फ्रेडी मर्क्युरी म्हणून माहीत आहे. शाळेच्या पटावर त्याचे नाव फारोख बुलसारा होते.

फारोखचा जन्म ५ सप्टेंबर १९४६ रोजी झांझिबारच्या स्टोन टाउनमध्ये झाला. वडील बोमी ब्रिटिश वसाहतीच्या उच्च न्यायालयात कॅशियर होते, आईचे नाव जेर. धाकटी बहीण काश्मिरा १९५२ ची. झांझिबार तेव्हा ब्रिटिशांच्या संरक्षणाखालची सुलतानशाही होती. बेटाचे पोट लवंगेवर चाले. राज्यकर्ते अरब, बहुसंख्य प्रजा आफ्रिकी, तर दुकानदारी आणि कारकुनी बव्हंशी गुजराती बोलणाऱ्या हिंदी लोकांकडे. पारशी अगदी मूठभर, पण त्यांचे स्वतःचे अग्निमंदिर होते. सरकारी नोकरी, घरात नोकरचाकर, मुलांना इंग्रजी शिक्षण देण्याची हौस, अशा घरातून आठ वर्षांच्या मुलाला शिकायला कुठे पाठवायचे, याचे उत्तर त्या काळी बहुतेक ठरलेले असे: हिंदुस्थानातले एखादे निवासी विद्यालय. म्हणून फारोखला मुंबईच्या बोटीत बसवले गेले.

पाचगणी १८६० च्या दशकात जॉन चेसन या इंग्रजाने वसवली. महाबळेश्वरला धो धो पाऊस, खाली वाईला उन्हाळा, आणि मधल्या या पठारावर मानवेल अशी हवा. इंग्रजांनी तिथे आधी बंगले बांधले, मग शाळा काढल्या. सेंट पीटर्स ही त्यांपैकी एक, १९०४ ची; फारोखला तिथेच घातले. मुंबईहून पुण्यापर्यंत रेल्वे, पुढे मोटारीने वाई आणि मग पसरणीचा घाट, असा तो प्रवास. झांझिबारहून आलेल्या मुलाच्या तो किती अंगावर आला असेल, याचा अंदाज करता येतो. आईवडील हजारो मैलांवर असल्याने सुट्टी लागली तरी घरी जाणे सोपे नसे. बऱ्याच सुट्ट्या मुंबईत आजी आणि मावशीकडे जात. चरित्रकारांना या एकाकीपणात पुढच्या साऱ्या गाण्यांचे बीज दिसते. मला तो मोह टाळावासा वाटतो. निवासी शाळेत शेकडो मुले एकटी असतात, त्यांतून 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी'सारखे गाणे लिहिणारे कितीसे निघतात?

पाचगणीत त्याला मिळालेल्या गोष्टी मात्र अगदी ठोस होत्या. पहिली गोष्ट नाव. शिक्षक आणि मित्र त्याला फ्रेडी म्हणू लागले, पुढे घरच्यांनीही तेच उचलले. मुलांनी दुसरे नाव ठेवले बकी, कारण समोरचे दात पुढे आलेले. त्याच्या तोंडात चार दात जास्तीचे होते. हसताना तो ओठ दातांवर ओढून घेई किंवा तोंडावर हात धरी, आणि ही सवय जन्मभर राहिली. पैसा आल्यावर दात काढून घेणे सहज शक्य होते, पण आवाज बदलेल या भीतीने त्याने ते कधीच केले नाही.

दुसरी गोष्ट पियानो. मुलाला गाण्याचा कान आहे हे मुख्याध्यापकांच्या लक्षात आले. थोडी जादा फी भरलीत तर रीतसर शिकवता येईल, असे पत्र त्यांनी झांझिबारला पाठवले. वडिलांनी होकार दिला. फ्रेडी पियानोच्या चौथ्या इयत्तेपर्यंत पोचला, लेखी आणि प्रत्यक्ष वादन दोन्हींत. पुढचे सारे संगीत त्याने कानाने आणि धाडसाने रचले, पण त्याखाली ही पाश्चात्त्य शास्त्रीय तालीम होती.

तिसरी गोष्ट बँड. बारा वर्षांचा असताना, १९५८ मध्ये, पाच मुलांनी मिळून 'द हेक्टिक्स' काढला. ब्रूस मरे, डेरिक ब्रांच, फरांग इराणी, व्हिक्टरी राणा आणि फ्रेडी. गाणी क्लिफ रिचर्ड, लिटल रिचर्ड, फॅट्स डॉमिनो यांची. यातली गंमत अशी की मुख्य गायक ब्रूस मरे होता. फ्रेडी मागे पियानो वाजवी आणि सुरात सूर मिळवी. रेडिओवर एकदा ऐकलेले गाणे तो लगेच पियानोवर काढून दाखवी, असे त्याचे सवंगडी सांगत आले आहेत. त्या पाचांचे पुढे काय झाले हेही वाचण्यासारखे आहे. राणा नेपाळच्या सैन्यात मोठ्या हुद्द्यावर पोचला. ब्रांच ब्रिटनमध्ये नट झाला. इराणी यांनी पुण्यात सिझलरचे उपाहारगृह चालवले, आणि फ्रेडीवर लिहिणारे देशोदेशीचे पत्रकार तिथे त्यांना शोधत येत.

त्या काळात त्याच्यावर लता मंगेशकरांच्या गाण्याचाही संस्कार झाला, असे त्याच्या चरित्रांत येते. मराठी वाचकाला हे वाचून बरे वाटते. रेडिओ लावला की लताबाई ऐकू येणारच, असा तो काळ होता, त्यामुळे त्याने ते गाणे ऐकले असणारच. पण पुढे गाजलेल्या त्याच्या क्वीन या बँडच्या गाण्यांत त्याची खूण शोधायला गेलात तर हाती फारसे लागत नाही. लिटल रिचर्डची किंचाळी आणि पियानोवर आपटणारे हात मात्र स्पष्ट दिसतात. उगाच ओढूनताणून नाते जोडण्यात अर्थ नाही.

खेळांत त्याने टेबल टेनिस गाजवले, मुष्टियुद्धही केले. अभ्यास मात्र हळूहळू सुटत गेला. दहावीला तो नापास झाला आणि पाचगणीचे दिवस संपले. १९६३ मध्ये तो झांझिबारला परतला.

त्याच वर्षी, १० डिसेंबरला, झांझिबार स्वतंत्र झाले. ते स्वातंत्र्य सुलतानाच्या हाती आले होते, आणि जेमतेम महिना उलटताच त्याचा हिशेब झाला. १२ जानेवारी १९६४ रोजी बंड उसळले, सुलतान पळाला, अरब आणि हिंदी लोकांची कत्तल सुरू झाली. मेलेल्यांचे आकडे आजही वादात आहेत, पण ते हजारांत मोजले जातात. बोमी बुलसारांची नोकरी ब्रिटिश सरकारची, पारपत्र ब्रिटिश. हाताला लागले ते सामान घेऊन कुटुंब लंडनला निघाले. फारोख तेव्हा सतरा वर्षांचा होता.

ते राहायला गेले ते फेल्टममध्ये. टॉवर ब्रिज आणि राजवाडा हे ज्या लंडनचे चित्र, त्यात फेल्टम बसत नाही. शहराच्या पश्चिम टोकाला, हीथ्रो विमानतळालगत, रेल्वेने कामावर जाणाऱ्यांची छोट्या घरांची वस्ती, म्हणजे आपल्याकडचे मीरा-भाईंदरच म्हणा. २००१ ते २०११ या दहा वर्षांत मीरा-भाईंदरची लोकसंख्या सव्वापाच लाखांवरून आठ लाखांच्या वर गेली. मूळचे आगरी, कोळी, उत्तनचे ईस्ट इंडियन वगळले तर इथल्या बहुतेक घरांत दुसरीकडून येऊन बस्तान बसवल्याची गोष्ट निघेल. नव्या जागी वडिलांची जुनी प्रतिष्ठा चालत नाही, हा त्या गोष्टीतला नेहमीचा भाग. झांझिबारच्या त्या कुटुंबालाही लंडनमध्ये नव्याने सुरुवात करावी लागली, आणि फ्रेडीने हीथ्रोवर सामान चढवण्या-उतरवण्याचे काम केले.

सोबत शिक्षण चालू होते. आधी आयझलवर्थचे पॉलिटेक्निक, मग ईलिंगचे कला महाविद्यालय. १९६९ मध्ये त्याने ग्राफिक कला आणि डिझाइनची पदविका घेतली. हे शिक्षण वाया गेले नाही. क्वीनचे बोधचिन्ह त्यानेच काढले. त्यात बँडमधल्या चौघांच्या राशी आहेत: सिंह राशीच्या दोघांचे दोन सिंह, एक खेकडा, कन्येच्या दोन पऱ्या, आणि वर पंख पसरलेला फिनिक्स. वर्गात बसून तो जिमी हेंड्रिक्सची चित्रे काढी. हेंड्रिक्स हाही लंडनमध्ये बाहेरून आलेला, अमेरिकेचा काळा गिटारवादक, आणि गोऱ्या इंग्लंडने त्याला डोक्यावर घेतले होते. फ्रेडीने त्याच्या मैफली पाठोपाठ ऐकल्या. मला वाटते, बाहेरचा माणूस या संगीतात मध्यभागी उभा राहू शकतो, हे त्याने इथे डोळ्यांनी पाहिले.

आणि ते पाहण्याची गरज होती. एप्रिल १९६८ मध्ये इनॉक पॉवेल या खासदाराने स्थलांतरितांविरुद्धचे कुप्रसिद्ध भाषण केले. त्याच वर्षी ब्रिटिश संसदेने पूर्व आफ्रिकेतल्या हिंदी वंशाच्या पारपत्रधारकांची वाट अडवणारा कायदा घाईघाईने मंजूर केला. बुलसारा कुटुंब चार वर्षे आधी आले म्हणून वाचले. अशा हवेत फारोख बुलसारा या नावाने रॉक बँडचा गायक होणे जवळपास अशक्य होते. १९७० च्या सुमारास त्याने मर्क्युरी हे आडनाव घेतले. त्याने भारतीयपण लपवले, असा आरोप पुढे अनेकांनी केला. मुलाखतींत तो त्याबद्दल फारसे बोलत नसे हे खरे. पण नाव बदलणे ही त्या धंद्यात सर्रास चालणारी गोष्ट होती, रेगिनाल्ड ड्वाइटचा एल्टन जॉन झालाच होता. ड्वाइटला स्वतःच्या नावाने दार बंद होण्याची भीती नव्हती, इतकाच फरक.

पदविकेनंतर आयबेक्स, रेकेज, सावर मिल्क सी असे बँड आले आणि गेले. पोटासाठी तो केन्सिंग्टन मार्केटमध्ये रॉजर टेलर या मित्राबरोबर जुने कपडे विकत असे. टेलर 'स्माइल' नावाच्या बँडमध्ये ड्रम वाजवी, आणि खगोलभौतिकीचा विद्यार्थी ब्रायन मे गिटार. त्यांचा गायक टिम स्टाफेल ईलिंगचा, फ्रेडीच्या ओळखीचा. स्टाफेल १९७० मध्ये बाहेर पडला आणि फ्रेडी आत आला. बँडचे नाव त्यानेच क्वीन ठेवले. १९७१ मध्ये बेस गिटारवर जॉन डीकन आला आणि चौकडी पुरी झाली. पुढची वीस वर्षे ती मोडली नाही, ही रॉकच्या दुनियेत दुर्मीळ गोष्ट.

हार्ड रॉक म्हणजे काय, हे इथे थोडक्यात सांगायला हवे. साठच्या दशकाच्या अखेरीस लेड झेपेलिन, डीप पर्पल, ब्लॅक सॅबथ या ब्रिटिश बँडनी अमेरिकी ब्लूजचा आवाज मोठा, जाड आणि खरखरीत केला. गिटारचा सूर मुद्दाम फाडायचा, ड्रम छातीत वाजले पाहिजेत, आणि या गदारोळावर स्वार होईल अशा उंच पट्टीत गायकाने ओरडायचे. जुलै १९७३ मध्ये आलेला क्वीनचा पहिला अल्बम याच घराण्यातला आहे. १९७४ चे 'स्टोन कोल्ड क्रेझी' हे गाणे इतके वेगवान आणि कडक आहे की पुढे मेटॅलिका या थ्रॅश मेटल बँडने ते गायले आणि त्याला ग्रॅमी मिळाले. पण फ्रेडीला एवढ्यावर थांबायचे नव्हते. ऑपेरा, म्युझिक हॉलची विनोदी गाणी, बॅले, पुढे फंक आणि डिस्को, जे जे आवडले ते त्याने या आवाजात ओतले.

३१ ऑक्टोबर १९७५ रोजी आलेले 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' हे त्याचे टोक. लांबी ५ मिनिटे ५५ सेकंद. रेडिओ सहसा तीन मिनिटांच्या फार वरचे गाणे वाजवत नसे, म्हणून कंपनीने नाके मुरडली. फ्रेडीच्या ओळखीचा रेडिओ निवेदक केनी एव्हरेट याने ते एका शनिवार-रविवारी चौदा वेळा वाजवले आणि प्रश्न मिटला. गाणे ब्रिटनमध्ये सलग नऊ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिले. ऑपेराच्या भागातला तो प्रचंड समूहस्वर फ्रेडी, मे आणि टेलर या तिघांचाच आहे. तेच ते सूर पुन्हा पुन्हा गाऊन, ध्वनिफितीवर थरांवर थर चढवून तो केला. या भागात 'बिस्मिल्ला' हा शब्द येतो. १९७८ च्या 'मुस्तफा' या गाण्यात तर अरबी वळणाचे शब्द भरले आहेत. झांझिबारच्या मशिदींची बांग ऐकत वाढलेल्या मुलाला हे आवाज परके नव्हते. तो त्याबद्दल कधी काही बोलला नाही. गाण्यात ते ठेवून मोकळा झाला.

त्याच्या आवाजावर २०१६ मध्ये ऑस्ट्रियन, चेक आणि स्वीडिश संशोधकांनी अभ्यास प्रसिद्ध केला. मुलाखतींतला बोलण्याचा सूर पाहता तो मुळात मध्यम पट्टीचा पुरुष, म्हणजे बॅरिटोन होता. गायचा मात्र त्याच्या वरच्या टेनर पट्टीत. त्याचा कंप इतर गायकांच्या मानाने जलद आणि अनियमित. ओरडून गाताना स्वरतंतूंबरोबर त्यांच्या वरच्या पडद्याही थरथरत असाव्यात, असा अंदाज संशोधकांनी बांधला. या ओढाताणीची किंमत होती. स्वरतंतूंवर गाठी आल्या, दौऱ्यात आवाज बसू लागला. शस्त्रक्रिया त्याने नाकारली.

तरी मला त्याचे खरे कसब आवाजापेक्षा दुसऱ्या गोष्टीत दिसते. अनोळखी गर्दीला आपलेसे कसे करावे, हा प्रश्न स्थलांतरिताच्या पाठीला आयुष्यभर असतो. पाचगणीच्या वसतिगृहात आठव्या वर्षी, फेल्टममध्ये सतराव्या वर्षी, फ्रेडीला तो सोडवावा लागला होता. रंगमंचावर त्याने त्याचे सरळ उत्तर शोधले: गाणे गर्दीलाच देऊन टाकायचे. १९७७ मध्ये स्टॅफर्डच्या एका कार्यक्रमानंतर प्रेक्षक आपणहून दुसरेच गाणे म्हणत उभे राहिले. त्या रात्रीने ब्रायन मे याला टाळ्या आणि पायांच्या ठेक्यावरचे 'वुई विल रॉक यू' सुचवले, आणि फ्रेडीने 'वुई आर द चॅम्पियन्स' लिहिले. यात चॅम्पियन 'मी' नाही, 'आम्ही' आहोत, हे लक्षात घ्या. ८० च्या दशकात तो प्रेक्षकांसमोर शब्दांशिवाय सूर टाके आणि हजारो लोक तो परत करत. इंग्रजी न येणाऱ्यांनाही त्यात भाग घेता येई. मार्च १९८१ मध्ये ब्राझीलमधल्या साओ पावलोच्या स्टेडियमवर एका रात्री सव्वा लाखाहून जास्त लोक होते, आणि ते एका सुरात गात होते.

सगळेच निर्णय असे शहाणपणाचे नव्हते. ऑक्टोबर १९८४ मध्ये क्वीनने वर्णभेदी दक्षिण आफ्रिकेत सन सिटी येथे कार्यक्रम केले. संयुक्त राष्ट्रांचा सांस्कृतिक बहिष्कार चालू असताना हे घडले. ब्रिटनच्या वादक संघटनेने त्यांना दंड केला. आम्ही राजकारणात पडत नाही, अशी बँडची सबब होती. आफ्रिकेतून वंशाच्या दंगलीत परागंदा झालेल्या हिंदी वंशाच्या माणसाच्या बाबतीत ती मला अगदीच लंगडी वाटते.

१३ जुलै १९८५ ला ती चूक बरीचशी झाकली गेली. इथिओपियाच्या दुष्काळग्रस्तांसाठी लंडनच्या वेम्बली स्टेडियमवर लाइव्ह एड झाला. क्वीनला मिळाली २१ मिनिटे, तीही दिवसाउजेडी, रोषणाईशिवाय. समोर ७२ हजार लोक. 'रेडिओ गा गा'च्या वेळी स्टेडियमभर एकाच वेळी हात वर गेले आणि टाळी पडली. ही रॉकमधली सर्वोत्तम मैफल, असे अनेक मतचाचण्यांत निवडले गेले आहे. त्याच्या आयुष्यावरच्या २०१८ च्या चित्रपटात फ्रेडी या मैफलीआधीच आपल्या आजाराबद्दल सहकाऱ्यांना सांगतो. प्रत्यक्षात एचआयव्हीचे निदान १९८७ मध्ये झाले, म्हणजे वेम्बलीनंतर दोन वर्षांनी. चित्रपटाने नाट्यासाठी माणसाचे आयुष्य वाकवले.

त्याचा क्वीनबरोबरचा शेवटचा कार्यक्रम ९ ऑगस्ट १९८६ रोजी नेबवर्थला झाला. त्यानंतर दौरे बंद झाले, गाणे चालू राहिले. स्पेनच्या ऑपेरा गायिका मोंसेरात काबाये यांच्याबरोबर त्याने 'बार्सिलोना' केले. अंगात बळ उरले नव्हते तरी तो स्वित्झर्लंडमधल्या माँत्रो येथे ध्वनिमुद्रण करत राहिला. जवळची माणसे मोजकी: पूर्वीची प्रेयसी आणि कायमची मैत्रीण मेरी ऑस्टिन, सहचर जिम हटन, आणि बँड. समलिंगी असणे आणि एड्स होणे या दोन्ही गोष्टींवर तेव्हाची ब्रिटिश वृत्तपत्रे तुटून पडत. २३ नोव्हेंबर १९९१ रोजी त्याने आपल्याला एड्स असल्याचे निवेदन काढले, आणि २४ नोव्हेंबरला, ४५ व्या वर्षी, न्यूमोनियाने त्याचा मृत्यू झाला.

अंत्यविधी पारशी धर्मगुरूंनी केला. ज्याने मुलाखतीत आपला धर्म कधी मिरवला नाही, त्याला निरोप अवेस्तातल्या प्रार्थनांनी दिला गेला. देह लंडनच्या दहनभूमीत अग्नीला दिला आणि अस्थी कुठे आहेत हे मेरी ऑस्टिनने कुणाला सांगितले नाही. फेल्टमच्या त्या छोट्या घरावर इंग्लिश हेरिटेजने २०१६ मध्ये निळी पाटी लावली.

२० एप्रिल १९९२ ला वेम्बलीवर त्याच्या नावाने मैफल झाली. त्यातून उभ्या राहिलेल्या मर्क्युरी फिनिक्स ट्रस्टने जगभर एड्सविरोधी कामाला पैसा दिला. पाचगणीच्या बाजूने सांगायचे तर, तिथे डॉक्टर बिलिमोरिया या पारशी वैद्यांनी १९१२ मध्ये क्षयरुग्णांसाठी बेल-एअर सॅनेटोरियम सुरू केले होते. ते पुढे रेडक्रॉसकडे गेले, आणि नव्वदच्या दशकापासून तिथे एचआयव्हीबाधितांवरही उपचार होऊ लागले. पाचगणीला सहलीला जाणारे टेबल लँडवर घोड्यावर बसतात आणि स्ट्रॉबेरी घेऊन परततात. सेंट पीटर्स अजून चालू आहे, आणि बेल-एअरही.